शॉटरीचं शाकारलेलं घर: अ‍ॅन हॅथवेच्या कॉटेजबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा आला की भारतातून पाहुणे येतात, आणि पाहुणे आले की शेक्सपिअरच्या गावाची, स्ट्रॅटफर्डची वारी ठरलेली. परत गेल्यावर फोटो नातलगांच्या ग्रुपवर जातात आणि मग प्रश्न सुरू होतात. दर वर्षी माणसं वेगळी, प्रश्न तेच. म्हणून या वेळी सगळी उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. मी बांधकामाच्या धंद्यातला माणूस, साहित्यातला नाही. त्यामुळे शेक्सपिअरच्या संसारापेक्षा वासे, वळचण आणि जोतं यांच्याकडे माझं लक्ष जास्त जाणार, हे आधीच सांगतो.

१. हे घर नेमकं कोणाचं आणि कुठे आहे?

विल्यम शेक्सपिअरची बायको अ‍ॅन हॅथवे हिचं हे माहेर. इंग्लंडच्या वॉरिकशर परगण्यात स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन हे गाव आहे. त्याच्या पश्चिमेला साधारण दीड किलोमीटरवर शॉटरी नावाची वाडी आहे, तिथे हे घर आहे. आता शॉटरी गावालाच चिकटली आहे. तेव्हा मधे शेतं होती आणि शेतांतून पायवाट जायची. आजही स्ट्रॅटफर्डहून चालत जाता येतं. पाय धड असतील तर चालतच जा. गाडीतून उतरून एकदम घरासमोर उभं राहण्यात ती मजा नाही.

२. शेक्सपिअर या घरात राहत होता का?

नाही. हे त्याचं सासर. तो जन्मला गावातल्या हेन्ली स्ट्रीटवर, आणि १५९७ साली त्याने गावातच न्यू प्लेस नावाचं मोठं घर विकत घेतलं. न्यू प्लेसच्या जागी आता बाग आहे. १७५९ मध्ये तेव्हाच्या मालकाने, फ्रान्सिस गॅस्ट्रेल नावाच्या पाद्र्याने, ते पाडून टाकलं.

दोन्ही घरांची ओळख मात्र लग्नाच्या आधीची. विल्यमचे वडील जॉन १५६६ साली अ‍ॅनचे वडील रिचर्ड हॅथवे यांना जामीन राहिले होते. लग्न झालं नोव्हेंबर १५८२ मध्ये. नवरा १८ वर्षांचा, नवरी २६ ची, आणि पहिली मुलगी सुझॅना हिचा बाप्तिस्मा २६ मे १५८३ ला. हिशेब ज्याचा त्याने करावा. आमच्याकडच्या प्रत्येक आत्याबाई तो बोटांवर करतातच.

३. कॉटेज म्हणजे झोपडी ना? मग ही एवढी मोठी कशी?

नावाने फसू नका. हे १२ खोल्यांचं शेतकऱ्याचं घर आहे, त्या काळी ते ह्यूलंड्स फार्म म्हणून ओळखलं जायचं आणि त्याच्या भोवती ९० एकरांवर जमीन होती. मेंढरं होती, त्यांच्यासाठी पगारी मेंढपाळ होता. थॉमस व्हिटिंग्टन हे त्याचं नाव. १६०१ च्या त्याच्या मृत्युपत्रात एक नोंद आहे: गावातल्या गरिबांना द्यायचे ४० शिलिंग ‘विल्यम शेक्सपिअरच्या बायकोकडे’ आहेत. म्हणजे चाकराचे पैसे मालकाच्या मुलीकडे, ती सासरी गेल्यावरही. हॅथवे म्हणजे आपल्याकडच्या भाषेत बऱ्यापैकी खातंपितं शेतकऱ्याचं घर, झोपडपट्टी नव्हे.

‘कॉटेज’ हे नाव नंतरचं, हौशी प्रवाशांच्या काळातलं. १७९५ मध्ये सॅम्युअल आयर्लंड याने एव्हन नदीकाठच्या प्रवासाचं सचित्र पुस्तक काढलं, त्यात या घराचं चित्र छापलं गेलं. (हा गृहस्थ प्रश्न १३ मध्ये पुन्हा भेटेल.) छोटं, वेलींत बुडालेलं, भाबडं घर बघायला लोकांना आवडतं. ‘फार्महाऊस’ म्हटलं की शेणाचा वास येतो.

४. घर किती जुनं आहे? कोणी १४६०, कोणी १६१०, कोणी १६९७ सांगतं.

तिन्ही बरोबर. घर एकदाच बांधून झालं असं समजलात तर गोंधळ होणारच.

रस्त्याकडून बघताना घराचा जो बुटका भाग दिसतो तो सगळ्यात जुना, १५ व्या शतकातला, १४६० च्या दशकाच्या आसपासचा. हॅथवे कुटुंब तिथे आलं १५४३ साली जॉन हॅथवेच्या नावाने, आणि तेही कूळ म्हणून. मालकी नव्हती. अ‍ॅनचे वडील रिचर्ड १५८१ मध्ये वारले. पुढे १६१० मध्ये अ‍ॅनचा भाऊ बार्थोलोम्यू याने घरजमीन विकत घेतली. टेकाडाच्या बाजूला दिसणारा उंच भाग १७ व्या शतकातला. जागा स्वतःची झाली की माणूस खोल्या वाढवतो, यात मराठी माणसाला समजावून सांगण्यासारखं काही नाही.

१६९७ हा आकडा धुराड्यावर कोरलेला आहे, ‘आय. एच.’ या अक्षरांसोबत. आय म्हणजे जॉन. त्या काळी कोरीव अक्षरांत ‘जे’ च्या जागी ‘आय’ लिहायची पद्धत होती. हा जॉन नंतरच्या पिढीतला आणि त्याने केलेल्या धुराड्याच्या कामाची ती खूण आहे. त्यावरून अख्खं घर १६९७ चं म्हणणं म्हणजे रंगकाम केल्याच्या तारखेवरून वाड्याचं वय काढण्यासारखं.

५. छप्पर कशाचं आहे? आणि ते मूळचंच का?

गवताचं म्हणतात, पण या भागाची परंपरा गव्हाच्या पेंढ्याची. इंग्लंडमध्ये ढोबळमानाने तीन प्रकार. पहिला लांब पेंढा, तो जरा विस्कटलेला, जाड गोधडीसारखा दिसतो. दुसरा विंचरलेला पेंढा, त्यात सगळ्या काड्यांची बुडं एका बाजूला येतात, म्हणून पृष्ठभाग ब्रशसारखा होतो. तिसरा पाणथळ जागेतला बोरू, तो नॉरफोकच्या दलदलींत होतो. तो सगळ्यांत टिकाऊ.

आता ‘मूळचंच का’. नाही, आणि असूच शकत नाही. हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त आवडतो, कारण यात अख्ख्या घराची गोष्ट आहे. पेंढ्याचं छप्पर हे कौलासारखं बसवून विसरायचं काम नाही. वरचा थर झिजतो, कारागीर तो खरवडतो आणि चांगल्या राहिलेल्या जुन्या थरावर नवा थर खुंटीने ठोकतो. असं पिढ्यान् पिढ्या चालतं. डेव्हनमध्ये काही घरांच्या छपरांत अगदी तळाचा थर मध्ययुगातला सापडला आहे, उघड्या चुलीच्या धुराने काळाठिक्कर पडलेला. त्या काड्या तपासून तेव्हा शेतात कुठले गहू आणि कुठलं तण होतं हे अभ्यासक सांगतात. म्हणजे छप्पर नवं आणि जुनं दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

शॉटरीच्या घरात तर १९६९ मध्ये आग लागून मोठं नुकसान झालं आणि दुरुस्ती करावी लागली. तरीही ते ‘खोटं’ झालं असं मला वाटत नाही. ज्या घराची पाचशे वर्षं डागडुजीच चालू आहे, त्याची डागडुजी हेच त्याचं मूळपण.

६. पेंढा भिजून गळत कसा नाही? आपल्याकडे तर दर मे महिन्यात शाकारणी करावी लागायची.

कोकणातल्या आणि मावळातल्या जुन्या केंबळी घरांशी तुलना सगळेच करतात, आणि ती चुकीची नाही. तत्त्व एकच: काडी कधी आडवी ठेवायची नाही, उताराला ठेवायची. पाणी काडीवरून काडीवर उतरत वळचणीपर्यंत जातं. फरक आहे तो जाडीत आणि पावसात.

इंग्रजी छपराचा थर ३० सेंटिमीटर किंवा त्याहूनही जाड असतो आणि उतार ४५ ते ५० अंशांचा. पाणी वरच्या दोन-तीन सेंटिमीटरच्या आत शिरत नाही, बाकीचा पेंढा कोरडाच राहतो. उतार कमी केला की पाणी रेंगाळतं आणि कुजणं सुरू. म्हणून ही छपरं इतकी टोकदार दिसतात. वळचण भिंतीपासून बरीच पुढे काढलेली असते, पन्हळ लावत नाहीत. पागोळ्या थेट जमिनीवर. खालच्या मातीत त्यांनी केलेली खळग्यांची रांग दिसली की मला आजोळची ओटी आठवते.

पाऊस मात्र वेगळा. तिकडचा बारा महिने भुरभुरणारा. आपला चार महिन्यांत सगळा कोसळतो, वर उन्हाने गवत कडकडीत वाळून तुटतं, वाळवी येते. आपली शाकारणी पातळ, म्हणून वर्षाला. तिकडची जाड, म्हणून दशकांनी.

७. म्हणजे किती वर्षं टिकतं?

लांब पेंढा १५ ते २५ वर्षं, विंचरलेला पेंढा २५ ते ३५, बोरू ३० ते ५० किंवा जास्तही. हे आकडे कारागिराच्या हातावर, उतारावर आणि झाडांच्या सावलीवर हलतात. उत्तरेकडचं, झाडाखालचं पाखं शेवाळतं आणि आधी जातं. आढ्यावरची पट्टी सगळ्यांत जास्त मार खाते, ती १० ते १५ वर्षांतच बदलावी लागते. त्या पट्टीवर जी शंकरपाळ्यांसारखी नक्षी दिसते ती नुसती शोभा नाही. हेझलच्या झाडाच्या चिरलेल्या काड्या वळवून, केसांच्या आकड्यासारख्या ठोकलेल्या असतात, त्या पेंढा धरून ठेवतात. कधी कधी आढ्यावर पेंढ्याचा कोल्हा नाहीतर मोर बसवलेला दिसतो, ती कारागिराची सही समजा. आणि छपरावर तारेची जाळी दिसते ती पाखरांसाठी. दाणा राहिलेला असला तर ती छप्पर उसवतात.

८. असे कारागीर आणि असा पेंढा अजून मिळतो का?

कारागीर मिळतात. वर्षानुवर्षं उमेदवारी करून शिकण्याचा हा धंदा आहे. त्यांना थॅचर म्हणतात. होय, तेच. मार्गारेटबाईंच्या सासरच्या आडनावाचा अर्थ ‘शाकारणारा’.

खरी अडचण पेंढ्याची. कम्बाइन हार्वेस्टर पिकाचा चेंदामेंदा करून काड्या मोडतो, त्या छपराच्या कामाच्या नाहीत. त्यात हरितक्रांतीच्या काळापासून जगभर गव्हाच्या बुटक्या जाती आल्या, कारण रासायनिक खत खाऊन उंच गहू आडवा व्हायचा. पंजाबपासून नगर-नाशिकपर्यंत आपल्या शेतांतही तेच झालं. दाण्याच्या दृष्टीने उत्तम, छपराच्या दृष्टीने वाईट. म्हणून इंग्लंडमध्ये काही शेतकरी मुद्दाम उंच काडीच्या जाती लावतात. १९६४ ची मॅरिस विजन ही त्यांतली नावाजलेली. खत बेताचं द्यायचं आणि जुन्या पद्धतीच्या बाइंडर यंत्राने कापून पेंढ्या बांधायच्या. छपरासाठी गहू पिकवायचा आणि दाणे वरकड म्हणून विकायचे, असा उलटा कारभार.

९. आगीचं काय? एक ठिणगी पडली की संपलं ना?

भीती खरी, पण चित्र थोडं वेगळं आहे. घट्ट ठोकलेला पेंढा चटकन भडकत नाही, कारण आत हवा नाही. जाड पुस्तक पेटवून बघा, सुटी पानं पेटतात तसं ते पेटत नाही. पण एकदा आत आग धुमसायला लागली की विझवणं महाकठीण. जे छप्पर पाणी आत घेत नाही, ते बंबाचं पाणी तरी कसं घेईल? अग्निशमन दलाला आकडे घालून छप्पर उपसावं लागतं.

बहुतेक आगींची सुरुवात धुराड्यापाशी होते: वर उडालेली ठिणगी, किंवा विटांच्या भेगेतून पेंढ्यापर्यंत पोचलेली झळ. लंडनने १२१२ सालीच नवीन गवती छपरांवर बंदी घातली. स्ट्रॅटफर्ड गाव १५९४, १५९५ आणि १६१४ मध्ये मोठ्या आगींत होरपळलं. लंडनचं ग्लोब नाट्यगृह २९ जून १६१३ ला नाटक चालू असताना तोफेच्या बारामुळे छपराला आग लागून जळालं. १९९७ मध्ये उघडलेल्या नव्या ग्लोबला पुन्हा गवतीच छप्पर, बोरूचं, घालायचं ठरलं, तेव्हा खास परवानगी लागली. १६६६ च्या मोठ्या आगीनंतर लंडनमधलं ते पहिलं गवती छप्पर. आत पाण्याचे फवारे बसवले आहेत, हे वेगळं सांगायला नको.

१०. भिंती दगडाच्या, विटांच्या की मातीच्या?

खाली दगडाचं जोतं. हा निळसर-राखाडी चुनखडीचा दगड जवळच्याच खाणींतला. त्यावर ओकच्या लाकडाचा सांगाडा. सांगाड्याच्या चौकटींमधे जो भराव आहे तो आपला कुडच: ओकच्या उभ्या पट्ट्या, त्यांत विणलेल्या हेझलच्या फोका, आणि वरून माती, शेण, चिरलेला पेंढा यांचा लेप. आपल्याकडे कारवी आणि शेणमाती, तिथे हेझल आणि शेणमाती. कोणी कोणाकडून घेतलं वगैरे शोधू नका. हाताशी काठ्या, माती आणि गाय असली की माणूस कुठेही हेच करतो. काही चौकटींत नंतर विटा भरल्या आहेत.

वर चुन्याचा हात. चुना श्वास घेतो, आतली ओल बाहेर जाऊ देतो. गेल्या शतकात अशा कित्येक घरांना सिमेंटचा गिलावा केला गेला आणि आत कोंडलेल्या ओलीने लाकडं कुजली. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांची सिमेंटने जी वाट लावली, तीच कथा.

११. काळी लाकडं, पांढऱ्या भिंती, हीच ट्यूडर, म्हणजे १६ व्या शतकातली, शैली ना?

काळा रंग बहुतांशी व्हिक्टोरिया राणीच्या काळातली हौस आहे. ओकला रंग लागतच नाही. तो उघड्यावर राहिला की आपोआप रुपेरी-करडा होतो. पूर्वी अनेक घरांत चुन्याचा हात लाकडांवरूनही सरसकट मारत. १९ व्या शतकात डांबर आणि काळे रंग स्वस्त झाले, आणि ‘जुनं म्हणजे काळंपांढरं’ हा समज पक्का झाला. आज कुठल्याही उपनगरात सिमेंटच्या घरावर काळ्या फळ्या ठोकून ‘ट्यूडर’ म्हणून विकतात. शॉटरीला गेलात तर लाकूड नीट निरखून बघा.

१२. सगळं घर वाकडं दिसतं. कलंडत तर नाही ना?

नाही. वाकडेपणाची दोन वेगळी कारणं आहेत, ती एकत्र करू नका.

एक, मुद्दाम वाकडं. जुन्या भागात ‘क्रक’ पद्धतीचा सांगाडा आहे. नैसर्गिकरीत्या वाकलेलं ओकचं खोड उभं चिरायचं, म्हणजे एकाच वळणाच्या दोन फाका मिळतात. त्या समोरासमोर उभ्या करून शेंडे आढ्यापाशी जोडायचे. नमस्कारासाठी जोडलेले हात डोळ्यांसमोर आणा. छपराचं ओझं या जोडीवरून सरळ खाली जमिनीत उतरतं, भिंतींवर भार जवळजवळ येत नाही. कुडाची भिंत पडली तरी छप्पर उभं. मिडलंड्समध्ये, म्हणजे मध्य इंग्लंडमध्ये, आणि पश्चिम इंग्लंडमध्ये अशी घरं पुष्कळ आहेत, आग्नेयेला मात्र जवळपास नाहीतच. का नाहीत यावर तिथले अभ्यासक अजून वाद घालतात.

दोन, वाळताना झालेलं वाकडं. ओक ओला असतानाच घडवायचे, कारण वाळला की तो लोखंडासारखा होतो, पटाशी चालत नाही. जोड लाकडी खुंट्यांचे, खिळे नाहीत. सुतार जमिनीवर सगळी चौकट जुळवून, प्रत्येक जोडावर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरून, मग सुटं करून जागेवर उभारत. पुढे वर्षानुवर्षं लाकूड आकसतं, पिळतं, आणि पिळताना जोड आणखी घट्ट होतात. जुन्या घरांतल्या तुळयांवर त्या खुणा अजून दिसतात. दिसल्या की फोटो काढा, मला पाठवा.

१३. आत जो पलंग आहे तोच का ‘दुसऱ्या क्रमांकाचा’ पलंग? आणि तो प्रेमाचा बाक?

पलंग तो नव्हे. शेक्सपिअरने २५ मार्च १६१६ च्या मृत्युपत्रात बायकोला ‘माझा दुसरा सर्वोत्तम पलंग’ ठेवला, ही गोष्ट खरी. पण तो त्याच्या स्वतःच्या घरातला, न्यू प्लेसमधला. (त्या घराचं काय झालं ते प्रश्न २ मध्ये.) शॉटरीत दिसणारा कोरीव ओकचा पलंग हॅथवे घराण्याकडून आलेला. त्यावर झोपून कोणी सुनीत रचलं, याला पुरावा नाही.

चुलीजवळच्या बाकावर विल्यम आणि अ‍ॅन बसायचे ही दंतकथा. बाकाची गोष्ट गोड आहे, म्हणून टिकली. पर्यटकांना वस्तू हवी असते आणि वस्तू हवी म्हटलं की विकणारा भेटतोच. सॅम्युअल आयर्लंड १७९० च्या दशकात इथे आला आणि ‘शेक्सपिअरची खुर्ची’ घेऊन गेला. याच सॅम्युअलच्या मुलाने, विल्यम हेन्रीने, पुढे शेक्सपिअरच्या नावाने खोटी पत्रं, खोटे करार आणि एक अख्खं नाटक रचलं. ते २ एप्रिल १७९६ ला लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात लागलं आणि प्रेक्षकांच्या हशात पडलं. बाप शेवटपर्यंत कागद खरे मानत राहिला. असा भोळा गिऱ्हाईक दारात आल्यावर घरच्यांनी खुर्ची विकली, यात त्यांचा काय दोष?

१४. पाळीव प्राणी गवतात झोपायचे, पाऊस आला की घसरून खाली पडायचे, म्हणून मुसळधार पावसाला इंग्रजीत ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणतात. खरं का?

नाही, नाही आणि नाही. १९९९ पासून ‘सोळाव्या शतकातलं जीवन’ छापाचा एक इंग्रजी मजकूर इमेलवर फिरतोय, आता व्हॉट्सअ‍ॅपवर. मजा म्हणजे त्याच्या काही आवृत्त्यांची सुरुवातच अ‍ॅन हॅथवेपासून होते: तिचं २६ व्या वर्षी झालेलं लग्न त्या काळी फार उशिराचं, बाकीच्या ११-१२ व्या वर्षी उजवायच्या. सपशेल खोटं. त्या काळच्या चर्चच्या नोंदींवरून इंग्लंडमधल्या सामान्य मुली पंचविशीच्या आसपासच लग्न करत. विचित्र होतं ते नवऱ्याचं १८ वय.

कुत्र्याचं तर सोडाच. प्रश्न ६ मधला ५० अंशांचा उतार आठवा आणि सांगा, तुमचा कुत्रा तिथे चढेल कसा? उंदीर आणि चिमण्या राहत, त्या पावसात खाली पडत नाहीत, उलट आत शिरतात. उंबऱ्याचा इंग्रजी शब्द ‘थ्रेशोल्ड’ हा पेंढा अडवण्यावरून आला, हेही त्याच मजकुरातलं पिल्लू.

१५. दारातली फुलबाग अ‍ॅनच्या वेळची आहे का?

तेव्हा तिथे शेताचं अंगण होतं: चिखल, कोंबड्या, डुकरं, औषधी झाडपाला आणि भाजी. आजची भरगच्च रंगीत बाग नंतरच्या काळातली हौस. १९२० च्या दशकात एलेन विल्मट या नामवंत बागतज्ज्ञ बाईंनी तिच्या आखणीत हातभार लावला. सुंदर आहे. फक्त ‘ट्यूडर बाग’ म्हणून फोटोखाली लिहू नका.

१६. हे घर तिचंच, याची खात्री काय? कागदात तर तिचं नाव वेगळं आहे म्हणे.

चांगला प्रश्न, आणि शंका घेण्यालाही कारण आहे. रिचर्ड हॅथवेच्या १५८१ च्या मृत्युपत्रात मुलगी ‘अ‍ॅग्नेस’ आहे. लग्नाच्या दिवशी तिला १० मार्क, म्हणजे ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स, द्यायचे असं लिहिलंय. त्या काळी अ‍ॅग्नेसचा उच्चार ‘अ‍ॅनेस’च्या जवळचा होता आणि दोन्ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरत. २८ नोव्हेंबर १५८२ च्या लग्नाच्या हमीपत्रात शॉटरीच्या दोन शेतकऱ्यांनी ४० पौंडांची हमी दिली आहे, तिथे नाव अ‍ॅन हॅथवे. आदल्या दिवशीच्या दप्तरी नोंदीत मात्र ‘टेंपल ग्राफ्टनची अ‍ॅन व्हेटली’ असं आहे. यावरून दुसऱ्या प्रेयसीच्या कादंबऱ्या रचल्या गेल्या. बहुतेक अभ्यासकांच्या मते कारकुनाची चूक. तलाठी कार्यालयात सातबाऱ्यावर स्वतःचं नाव शोधलेल्या माणसाला हे लगेच पटेल.

तरी सावध राहावं हे खरं. शेक्सपिअरच्या आईचं, मेरी आर्डनचं घर म्हणून विल्मकोट गावातलं एक सुरेख लाकडी घर किती पिढ्या दाखवत होते. २००० साली कागदपत्रांतून कळलं की ते शेजाऱ्याचं, पामर नावाच्या शेतकऱ्याचं. खरं घर बाजूचं, विटांनी झाकलेलं, दिसायला साधं. ते ही घरं सांभाळणाऱ्या संस्थेने, शेक्सपिअर बर्थप्लेस ट्रस्टने, आधीच विकत घेऊन ठेवलं होतं, हे नशीब. शॉटरीच्या बाबतीत मात्र हॅथवे कुटुंबाचं सलग वास्तव्य कागदोपत्री आहे.

१७. घर खासगी होतं तर संस्थेकडे कसं आलं?

हॅथवेंचा पुरुषवंश १७४६ मध्ये संपला. पुढे घर मुलीकडच्या वंशात, टेलरांकडे गेलं. १८३८ मध्ये त्यांनी ते विकलं, पण भाडेकरू म्हणून तिथेच राहिले. मालकाचे कूळ झाले, म्हणजे १५४३ च्या जागी परत. याच घराण्यातल्या मेरी बेकर आलेल्या-गेलेल्याला कुटुंबाचं बायबल उघडून दाखवायच्या. शेक्सपिअर बर्थप्लेस ट्रस्टने, म्हणजे १८४७ मध्ये हेन्ली स्ट्रीटचं घर घेणाऱ्याच संस्थेने, १८९२ मध्ये हे घर विकत घेतलं आणि मेरीबाईंनाच राखणदार म्हणून ठेवलं. १८९९ मध्ये त्या वारल्या. पर्यटकांना त्यांच्यासारखी वाटाडी पुन्हा मिळाली नसणार.

१८. मला इंग्लंडमध्ये असंच गवती छपराचं घर घ्यायचंय. घेऊ का?

घ्या, पण तीन गोष्टी विचारून. छप्पर शेवटचं कधी शाकारलं आणि आढं कधी बदललं (प्रश्न ७). धुराड्याची तपासणी झाली का, कारण लाकडाची बंद शेगडी आणि जुनं धुराडं ही धोकादायक जोडी, आणि विमा कंपनी ते विचारणारच. तिसरं, घर ‘लिस्टेड’ आहे का. संरक्षित यादीत असेल तर खिडकीही परवानगीशिवाय बदलता येत नाही. पेंढ्याच्या जागी बोरू घालायलासुद्धा अर्ज लागू शकतो. अ‍ॅनचं घर पहिल्या, सर्वोच्च श्रेणीत आहे. त्या श्रेणीत एकूण संरक्षित इमारतींपैकी जेमतेम अडीच टक्के येतात.

१९. ती हॉलिवूडची नटी यांच्याच घराण्यातली का?

नाही. नाव सारखं, एवढंच. मात्र तिचा जन्म नोव्हेंबर १९८२ चा, म्हणजे पहिल्या अ‍ॅनच्या लग्नाला बरोबर ४०० वर्षं झाली त्या महिन्यातला. पुतणीने हे शोधून काढलं, श्रेय तिचं.

२०. अ‍ॅन कुठल्या खोलीत जन्मली ते दाखवतात का?

आईला उभं करून फोटो काढायचाय म्हणून हे विचारणारे दर वर्षी दोघे-तिघे तरी असतात. बोट ठेवून दाखवता येणार नाही. ती जन्मली १५५६ च्या आसपास. मध्ययुगीन घरात मधलं दालन जमिनीपासून आढ्यापर्यंत मोकळं असे, मधोमध चूल, आणि धूर पेंढ्यातून वाट काढत वर जाई. विटांचं धुराडं बांधलं की धुराला रस्ता मिळतो, मग मधे तुळया टाकून वर माळ्याच्या खोल्या करता येतात. इथेही वरच्या खोल्या अशाच मागाहून आल्या. तेव्हा वरच्या मजल्यावर पलंगाशेजारी उभं राहून ‘इथे जन्मली’ म्हणाल, तर त्या काळी तिथे नुसता धूर असायचा. फोटो खाली, मोठ्या चुलीपाशी काढा. दाराची चौकट बुटकी आहे, आईला वाकायला सांगा.